शेवटच्या डब्यावरची फुली

मलकापूर, ता. ६ नोव्हेंबर २०२४

शेवटच्या डब्यावर फुली नाई. एवढी कारागिरी केली, इंजनाले दिवे लावले, खिडक्यायमधे टोपीवाली माणसं बसवली, अन् शेवटच्या डब्याच्या पाठीवर दोन पिवळ्या रेघा ओढायले तुह्या कारखान्यात रंग नाई उरला? त्या दोन रेघांपायी तुहा बाप परवा रुळावर मरत होता.

दीपक, आता आशीर्वाद घे. फोन केला असता, पण माहा नंबर तू बंद करून ठेवला असं ऋत्विक म्हणतो. म्हणून हे पत्र. दुसरीपर्यंत शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, वाचता येईल तसं वाच.

ऋत्विकले रागवू नको. पाडव्याले त्यानं आजोबासाठी तुह्या कारखान्यातली खेळण्यातली गाडी कुरिअरनं पाठवली. तुले विचारलं नाई, कारण तू नाई म्हटलं असतं. मी फरशीवर रूळ जोडले, खोक्यावरचं चित्र पाहून. बटन दाबलं. गाडी फिरू लागली तसे तुहे बाबा खाटेवरून उठले. हात छातीपाशी धरला, हिरवी झेंडी धरल्यासारखा. दोन वर्षांत त्या माणसाच्या डोळ्यात मी असं काई पाह्यलं नव्हतं. म्हटलं, चला, दिवाळी झाली.

मंग शेवटचा डबा त्यायच्या समोरून गेला.

"गाडी तुटली," ते म्हणाले. "मागचे डबे लाईनीवर राह्यले."

तू रेल्वेगेटाच्या खोलीत वाढला, तुले सांगायचं काम नाई. शेवटच्या डब्यावर फुली असली म्हणजे गाडी पूर्ण आहे. नसली म्हणजे अर्धी गाडी मागं सुटली, अन् मागून येणारी दुसरी गाडी त्या डब्यायवर चढणार. मंग गेटमननं लाल झेंडी घेऊन लाईनीवर धावायचं. पस्तीस वर्षं ह्या माणसानं गाडीचं तोंड पाह्यलं नाई, पाठ पाह्यली. बाकी सगळं विसरले. माहं नाव विसरले. सकाळी जेवलो का नाई ते विसरतात. हे नाई विसरले.

दोरीवरचं माहं लाल लुगडं ओढलं अन् धावले. घरापासून लाईन पन्नास पावलं. गेट उठलं, त्याच्या जागी खालून रस्ता काढला, पण रूळ काई कोणी उचलून नेले नाईत. मी दारात उभी. माह्या गुडघ्यानं धावता येत नाई. मांडणीवरचे पेले वाजू लागले होते. पेले वाजले म्हणजे गाडी किती जवळ आली ते मले कळते. शेजारचा शकूर सुतार हातातला रंधा टाकून धावला, तो दिसला. मंग मी डोळे मिटले. गाडी गेली. पहिले शकूरच्या शिव्या ऐकू आल्या, तेव्हा समजलं की दोघंही जिते आहेत. त्यानं बाबाले कमरेत धरून खडीवर लोळवलं होतं.

मले तुह्याकडून एक गाडी पाहिजे. आपली पॅसेंजर. निळे डबे, शेवटी गार्डाचा डबा, त्यावर पिवळी फुली, खाली एल.व्ही.ची पाटी, म्हणजे हा शेवटचा डबा असं सांगणारी, अन् लाल दिवा. इंजन कोणतंही लाव, ते इंजनाकडे पाह्यत नाईत. घरात गाडी फिरली तर हे घरात राहतील. नाईतर एक दिवस शकूर बाजारात गेलेला असेल.

बापाशी एकवीस वर्षं बोलला नाई, आताही बोलू नको. गाडी बनव.

तुही माय


ता. २५ नोव्हेंबर

पत्र लिहिलं दीपकले, उत्तर आलं अनुपमाचं. सुनबाईचं अक्षर चांगलं आहे, तिले सांग. पण मी तिले काई विचारलं नव्हतं.

ती लिहिते, कंपनी फक्त परदेशी गाड्या बनवते, शौकीन लोकांसाठी. नवा साचा करायचा तर शेठले पाचशे गिऱ्हाईक आधी पाहिजे. तवर आईंनी शेवटच्या डब्यावर पिवळ्या रंगानं फुली काढून घ्यावी.

आईंनी ते पत्र टाकल्याच्या दुसऱ्याच दिवशी केलं. मी काई एवढी बिनडोक नाई. शकूरकडून रंग आणला, बारीक काडीनं फुली काढली. गाडी सोडली. बाबांनी फुली पाह्यली, मान हलवली, खाली बसले. माह्या जिवात जीव आला. मंग त्यायनं खिडकीतली टोपीवाली माणसं पाह्यली.

"ही आपली गाडी नाई," म्हणाले. "हिचा नंबर कोणी देला? मी नंबर नाई घेतला."

पुढचं तुले समजलं असेल. स्टेशनातून मास्तर फोन करणार, दोन आकडी नंबर सांगणार, गेटमन तो परत म्हणणार, आपला नंबर देणार, वहीत लिहिणार, गेट लावणार, तवा गाडी सुटणार. बिननंबराची गाडी म्हणजे आंधळी गाडी. तिकडे रस्त्यावर लोकं, बैलं, शाळेची पोरं, अन् गेट उघडं! ते दाराकडे गेले. दाराले मी कुलूप लावलेलं होतं. हो, लावते मी कुलूप. सकाळच्या गाडीले अन् संध्याकाळच्या गाडीले. त्यायनं दार ठोकलं. "बाई, गेट उघडं आहे," म्हणत राह्यले. बायकोले बाई म्हणतात आता. "बाई, माणसं मरतील." हाताले थोडं लागलं, काई नाई.

आता शेठच्या पाचशेचं. मी दोनशे पानी वही घेतली अन् पेन्शनच्या दिवशी बँकेसमोर बसली. रेल्वेतले रिटायर म्हातारे तिथं सकाळपासून येऊन भिंतीले टेकतात. एकाले विचारलं, "तुम्ही काय होते?"

"गार्ड."

"पॅसेंजरची गाडी बनून राह्यली, लहानी, टेबलावर फिरणारी. घेणार का?"

"माह्या डब्यात खिडकीजवळ लोखंडी पेटी राहायची. ती राहील का त्यात?"

"राहील," मी म्हटलं. ती राहील असं तू कर, मी कबूल करून बसली आहे.

मंग एक मेला रूळ बदलणारा पॉइंटमन मले म्हणे, "आजी, ह्या वयात गाडीशी काय खेळता?" मी म्हटलं, "तू पेन्शन घेऊन दिवसभर पत्ते खेळतो, ते कोणत्या वयात बसते रे?" त्याचं नाव सगळ्यात पहिले लिहून घेतलं. एक विधवा बाई होती, तिचा मालक डबे धुवायचा. ती म्हणाली, "निळा रंग एकदम तोच पाहिजे, धुतल्यावरचा." तिनं अंगठा देला.

एकशे बारा नावं झाली. बाकीची शेठनं हुडकावी, त्याचाच धंदा आहे.

मले भेव वाटते दीपक. मी हे कोणाले म्हणत नाई, शकूरच्या घरवालीलेही नाई. नूरजहां विचारते, "भाभी, रात को नींद आती है क्या?" मी म्हणते, "येते की." आता गाड्या पहिल्यासारख्या राह्यल्या नाईत. पहिले गाडी दुरून ऐकू यायची, बाईले भाकर तव्यावरून उतरवायले वेळ भेटायचा. आता पेले वाजले की गाडी आलीच.

माय


ता. ८ डिसेंबर

(हे शेठले वाचून दाखव. त्याले मराठी वाचता येत असेल तर त्याच्या हातात दे. तू मधे काई गाळू नको.)

फैजानशेठ, तुमचा-माहा परिचय नाई. मी तुमच्या कारखान्यात साचे कापणाऱ्या दीपक तायडेची माय, सत्यभामाबाई. शेठ, तुमच्या गाड्या मी पाह्यल्या. खोक्यावर बर्फाचे डोंगर आहेत. आमच्या जिल्ह्यात बर्फ फक्त रसवंतीत भेटतो. तुम्ही असं गाव बनवता जिथं तुम्ही गेले नाई, तुमचं गिऱ्हाईकही गेलं नाई. तिथल्या गाडीत कोणाचा बाप बसला होता?

आमच्या निळ्या डब्यात बसून लोकं लग्नाले गेले, मयतीले गेले, कापसाच्या गाठींसंगं गेले. बायका बाळंतपणाले माहेरी गेल्या. आता ते निळे डबे कमी होऊन राह्यले. जे कमी होते तेच माणूस घरात ठेवायले मागते. हे मी तुम्हाले सांगावं का? तुम्ही व्यापारी, मी लसूण निवडणारी बाई.

तुमचा हिशेब मले कळतो. एक साचा म्हणजे लोखंड, मजुरी, महिने. माह्या वहीत आता दोनशे चार नावं आहेत. नांदुऱ्याले गेली होती, जलंबले गेली होती. नावं उतरवून सोबत पाठवते. ही नावं खोटी असतील तर एकेकाले पत्र टाकून पाहा.

एक गोष्ट अजून. तुम्हीही मुसलमान माणूस, माहा शेजारीही. त्यानं माह्या मालकाले दोनदा रुळावरून ओढलं. दुसऱ्यांदाचं मी दीपकले लिहिलं नव्हतं. आता तो वाचून राह्यला असेल तर त्यालेही समजलं. शकूर छपन्न वर्षांचा आहे. तिसऱ्यांदा त्याचा पाय घसरला, तर मी नूरजहांले तोंड कसं दाखवू? मले एका माणसाचं भेव नाई, दोघांचं आहे.

पाचशे नका पाहू. एक नमुना काढा.

सत्यभामाबाई किसनराव तायडे


ता. २९ डिसेंबर

शेठचा फोन शकूरच्या मोबाईलवर आला. माणूस गोड बोलतो. म्हणे, "अम्मा, नमुना काढतो. मापं अन् फोटो पाठवा. सत्त्याऐंशी पट लहान होईल, म्हणजे एक डबा वीतभर. पण साचा फक्त दीपकच कापू शकतो, अन् दीपक नाई म्हणतो."

दीपक नाई म्हणतो. ते मी मागाहून पाहीन. पहिले मापाचं ऐक.

यार्डात बाजूच्या रुळावर एक जुना निळा डबा उभा आहे, गार्डाचाच. शकूर त्याचा टेप घेऊन आला. मी वही धरली. खिडक्या मोजल्या, पायऱ्या मोजल्या, फुलीची एकेक रेघ मोजली. रेल्वेचा एक शिपाई आला. "ए म्हातारे, काय चोरून राह्यली?"

"हा डबा," मी म्हटलं. "पदरात बांधून नेते. हातभार लाव."

त्याले सगळं सांगतलं. मंग टेपचं दुसरं टोक त्यानंच धरलं, कारण शकूर वर चढू शकत नव्हता. त्यानंच सांगतलं की एल.व्ही.ची पाटी आकड्याले अडकवलेली असते, चिकटवलेली नसते. ते तुह्या साच्यात तसंच पाहिजे. मापं सोबत आहेत.

घरी आली तर दाराले कुलूप तसंच. मागच्या खिडकीचा पत्रा वाकलेला. आत कोणी नाई.

दीपक, मी ओरडली नाई. ओरडायले श्वास लागतो. मांडणीवरचे पेले वाजून राह्यले होते, एकमेकायले घासून, लहान लेकरू दात खाते तसे. मी मागच्या अंगणातून लाईनीकडे निघाली. गुडघ्यानं नाई म्हटलं तरी निघाली. शकूर माह्यापुढं धावला.

जिथं गेटाची खोली होती तिथं आता नुसता ओटा राह्यला. बाबा त्या ओट्यावर उभे होते. रुळापासून जेवढं दूर पाहिजे तेवढेच दूर, बोटभर इकडं-तिकडं नाई. हातात हिरव्या मेथीची जुडी. एक्स्प्रेस समोरून गेली, माहा पदर डोक्यावरून उडून गेला, अन् ते मेथी धरून उभे. डब्यामागून डबा पाह्यत. शेवटचा डबा गेला, त्यावर फुली होती. त्यायनं जुडी खाली केली. म्हणाले, "पूर्ण."

तिथं मले एक गोष्ट समजली, ती तुह्यासाठी लिहिते. गाडी बरोबर असली तर हा माणूस बरोबर जागी उभा राहतो. गाडीत काई चुकलं तरच रुळावर जातो. तुह्या कारखान्यातून आली ती गाडी चुकीची होती, म्हणून तो गेला. अर्धवट गाडी बनवायची असेल तर बनवूच नको. एक खिडकी कमी झाली तरी तो माणूस मरेल, अन् तुह्या हातानं मरेल.

तू नाई काऊन म्हणतो ते मले माहीत आहे. पुढच्या पत्रात लिहीन. आज पहिले खिडकीचा पत्रा ठोकून घेते.

माय


ता. ५ जानेवारी २०२५

सात दिवस झाले. लिहायचं टाळत होती. आता लिहिते, मधे वाचणं सोडू नको.

तुह्या मनात आहे की बापानं तुहा जन्म नासवला. तू बावीस वर्षांचा. पोलीसभरतीत पळण्यात पास झाला होता. फटफटीवरून आला, गेट खाली येऊन राह्यलं होतं, तू मान खाली घालून खालून काढली. हँडल लागलं, दांडा मोडला. गाडी दोन मिनिटांनी गेली. बापानं स्वतःच्या पोराच्या फटफटीचा नंबर वहीत लिहिला अन् वर कळवला. केस झाली. भरतीच्या कागदावर केस निघाली. तू पिशवी भरली अन् पुण्याले गेला. जाताना म्हणाला, "ह्या माणसाले पोरगं नाई, गेट आहे." बरोबर?

बरोबर. फक्त एक गोष्ट नाई.

बाबा नंबर लिहिणार नव्हते. पेन खाली ठेवला होता. मले म्हणाले, "सत्यभामा, बैलगाडीनं मोडला म्हणून लिहितो." तोवरच्या सगळ्या नोकरीत त्या माणसानं वहीत एक खोटी ओळ लिहिली नव्हती, ती तुह्यासाठी लिहायले निघाला होता. मी म्हटलं, नाई. खरा नंबर लिही.

त्याच्या महिनाभर आधी त्याच गेटावर पलीकडच्या वस्तीतलं पोरगं असंच खालून निघालं होतं. तू तेव्हा अकोल्याले होता, तुले नुसतं ऐकू आलं. मी पाह्यलं. त्याच्या मायच्या संगं मी खडीवर बसून वेचत होती. काय वेचत होती ते लिहीत नाई. त्यानंतर तू तेच केलं. मी म्हटलं, आज ह्याले कोणी धरलं नाई तर उद्या मी ह्याले वेचीन. लिही.

त्यायनं माह्याकडे पाह्यलं अन् लिहिलं. सही त्यायची, जीभ माही.

मंग तू गेला. तेव्हा मी सांगायले पाहिजे होतं. नाई सांगतलं. मले वाटलं, बापावर रागावला आहे तर निदान मायले पत्र टाकील. त्यायनंही तुले कधी सांगतलं नाई. एकवीस वर्षं त्यायनं तुहा राग माह्यावाटचा घेतला. तुह्या लग्नाले मी एकटी आली, तेव्हा मांडवातही सांगू शकली असती. बुंदी खाऊन परत आली.

माफी नाई मागत. तेव्हा केलं ते आजही करीन. पण लपवलं ते चुकलं. रागवायचं असेल तर आता माह्यावर रागव, अन् बापाची गाडी काप.

माय


ता. २० फेब्रुवारी

खोकं मिळून नऊ दिवस झाले. आत चिठ्ठी नव्हती. ठीक आहे.

गाडी पाह्यली. निळा रंग धुतल्यावरचा आहे, त्या बाईले दाखवला, तिनं डोळ्याले पदर लावला. गार्डाच्या खिडकीत लोखंडी पेटी आहे. पाटी आकड्याले अडकवलेली आहे, नखानं काढता येते. फुली आहे. गेटही बनवलं तू, मी मागितलं नव्हतं. दोन दांडे, वर-खाली होतात, खोलीवर छत्तीस नंबर.

अन् गेटाच्या अलीकडे एक फटफटी. दांडा खाली आहे अन् फटफटी थांबलेली आहे. पाह्यली मी.

शकूरनं टेबल केलं. गाडी सोडली. मी दारात कडी धरून उभी होती. बाबांनी दांडे खाली केले, उभे राह्यले, डबे जाऊ देले. शेवटचा आला. खाली वाकून पाह्यलं. पाटी, दिवा, फुली. "पूर्ण," म्हणाले. दांडे वर केले. पाच दिवस मी कुलूप नाई लावलं. पेले वाजले तर ते खिडकीकडेही पाह्यत नव्हते. शेठले सांग, नमुना पास झाला, बाकीच्या गाड्या काढायले हरकत नाई. दोनशे एकोणनव्वद नावं झाली वहीत.

पण एक गोष्ट मी विचारात घेतली नव्हती.

रविवारपासून ते टेबल सोडत नाईत. स्टुलावर बसून आहेत, चार दिवस झाले. आडवे होत नाईत. दोन घास उभ्यानं खातात. बसल्या बसल्या डोळा लागतो, दचकून उठतात, दांडे पाहतात. पाय सुजून हंड्यासारखे झाले. डॉक्टरानं झोपेची गोळी देली तर म्हणाले, "ड्युटीवर?" अन् थुंकून टाकली.

मी विचारलं, "घरी काऊन येत नाई?"

"रिलीव्हर नाई आला. चार्ज देल्याशिवाय गेट सोडता येत नाई, बाई."

तेव्हा मले आठवलं. गेट बंद झालं त्या दिवशी दांडे कापायले माणसं आली होती. गेटच राह्यलं नाई, तर चार्ज घ्यायले कोण येणार? दर पाळीले दुसरा माणूस यायचा, वहीत सही करायचा, मंग हे घरी यायचे. त्या दिवशी सही झाली नाई. वही काखेत मारून घरी आले. सहा वर्षं झाली, दीपक. हा माणूस अजून ड्युटीवर आहे. म्हणून लाईनीवर जात होता. आता लाईन मी टेबलावर आणून देली, अन् त्याले तिथंच बसवून मारून राह्यली.

मी म्हटलं, मी सही करते. म्हणाले, "तुमचं नाव पाळीत नाई." शकूर खाकी शर्ट घालून आला. त्याले पाहून म्हणाले, "शकूर, तू सुतार आहे, गंमत करू नको." मंग मी विचारलं, कोणाची पाळी आहे?

"दीपकची," म्हणाले. "उशीर करते पोरगं. येईल."

माहं नाव विसरले, अन् हे पाहा.

आज सकाळी अजून एक बोलले. उद्या संध्याकाळच्या पॅसेंजरपर्यंत रिलीव्हर नाई आला तर स्टेशनात जाऊन सांगावं लागेल. लाईनीनं चालत. तसाच नियम आहे म्हणे. मले नियम माहीत नाई. मले एवढं माहीत आहे की त्या सुजलेल्या पायानं ते रुळातून चालणार, मागून येणारी गाडी त्यायले ऐकू येणार नाई, अन् कुलूप लावलं तर दारावर डोकं आपटणार. मागच्या वेळी हाताले थोडं लागलं असं मी लिहिलं होतं. दोन बोटं मोडली होती.

म्हणून हे पत्र पोस्टात नाई टाकत, आजच्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरच्या हातात देते. उद्या सकाळी तुले भेटेल. तुले इथं यायले दिवस लागेल, तू मागाहून ये, नाईतर येऊ नको. पण फोनाले दिवस लागत नाई.

शकूरनं लाकडाचा फोन केला आहे, गेटात होता तसा, आत त्याचा मोबाईल ठेवला. उद्या शुक्रवारी साडेचारले त्यावरून तुह्याकडे फोन येईल. शकूरचा नंबर आहे, तो बंद करू नको. बाबा म्हणतील, "गेट छत्तीस, किसन तायडे." तू म्हण, "दीपक तायडे, रिलीव्हर." दोन आकडी नंबर सांग, कोणताही. ते परत म्हणतील. मंग ते त्यायचा नंबर देतील. तो कागदावर लिही, अन् परत म्हण. चुकू नको, चुकला तर ते गेट सोडणार नाईत. मंग म्हण, "चार्ज घेतला. तुम्ही घरी जा."

एवढंच. बाबा म्हणू नको. रडू नको. आवाज कापला तर त्यायले वाटेल लाईनीवर काई झालं, अन् ते बाहेर जातील. मी दारात कडी धरून उभी राहीन. पॅसेंजर पावणेपाचले आहे. पंधरा मिनिटं आहेत तुह्याजवळ.

तो फोन अनुपमानं उचलायचा नाई. ऋत्विकनं नाई. शेठनं तर नाईच. तू उचल.